जुना सरकता काचेचा दरवाजा : बदलण्याआधी एवढं करून पाहा



घर्षण शिकवताना आपण वर्गात टेबलावर ठोकळा ओढून दाखवतो, मग त्याखाली गोल पेन्सिली ठेवून पुन्हा ओढतो. हाच धडा गेल्या मे महिन्यात माझ्या घरी आला. हॉलमधून गॅलरीत जाणारा आमचा ॲल्युमिनियमचा स्लायडिंग दरवाजा वीस वर्षांचा. आईला तो एकटीने उघडेना. सकाळी तुळशीला पाणी घालायचं तर आमच्यापैकी कुणी उठेपर्यंत ती थांबायची. तक्रार केली नाही तिने. भरलेला तांब्या रोज दारापाशी दिसू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. फॅब्रिकेटर आले, दार एकदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "सर, हा काढून नवीनच बसवा."

थांबा. आधी थोडं गणित करू. काचेची घनता घनमीटरला साधारण २५०० किलो. म्हणजे १ मिमी जाडीची १ चौरस मीटर काच अडीच किलोची. आमच्या एका शटरची काच ०.९ मीटर रुंद, २ मीटर उंच आणि ५ मिमी जाड. म्हणून वजन १.८ × ५ × २.५ = २२.५ किलो. शिवाय चौकट. हा सगळा भार खालच्या दोन छोट्या चाकांवर असतो. दुकानात त्यांना बेअरिंग म्हणतात. चाक फिरतं तोवर दार एका हाताने सरकतं. चाक अडकलं की तेवढंच वजन आपण फरफटत नेतो. दार जड झालेलं नसतं, घर्षण वाढलेलं असतं.

हे मोजता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा हँडलला अडकवून आम्ही दार ओढलं. सरकताना काटा ९ किलो दाखवत होता. (हे दाराचं वजन नव्हे, लावलेलं बल. ९.८ ने गुणा, सुमारे ८८ न्यूटन. मुलं इथे हमखास गोंधळतात.)

मग ट्रॅक साफ केला. धूळ, केस, कबुतराची पिसं! आधी सगळं कोरडंच काढायचं, जुना टूथब्रश उत्तम. लगेच पाणी ओतलं की चिखल होतो. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, तीही तारेने मोकळी करा. पावसाळ्यात हॉलमध्ये पाणी येतं म्हणून अनेक जण दाराला दोष देतात, आणि बुजलेली असतात ही भोकं. ट्रॅकमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ चिकटते. मेणबत्ती घासली तरी चालतं. एवढ्यावर काटा ६ वर आला.

आता शटर काढायचं. इथे मुलांना लांब बसवा. जुन्या दारांत बहुधा साधी काच असते, फुटली तर धारदार तुकडे होतात. दोन मोठी माणसं, हातमोजे आणि पायात बूट हवेतच. आतल्या बाजूचं शटर आधी. ते सरळ वर उचलून वरच्या ट्रॅकमध्ये ढकलायचं, मग खालची कड आपल्याकडे ओढायची. आम्ही ते गोधडीवर लांब बाजूवर उभं करून भिंतीला टेकवलं आणि एकाने धरून ठेवलं.

एका बेअरिंगच्या आसाभोवती केस गुंडाळले होते आणि चाक एकाच बाजूने सपाट झिजलं होतं. "एकाच बाजूने का?" मी पुतणीला विचारलं. तिने चाक फिरवायचा प्रयत्न केला, फिरेना. "काका, फिरतच नव्हतं ना, तेवढीच बाजू घासली!" माझ्या फळ्यावरच्या आकृतीने हे इतकं लवकर कधी कळलेलं नाही.

स्क्रू गंजला असेल तर जोर लावू नका, डोकं झिजतं. गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा. जुनं बेअरिंग सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, नुसतं माप सांगून चुकीचं हातात पडतं. दोन्ही शटरची चारही चाकं एकदमच बदला.

काच तडकली असेल किंवा चौकटच वाकली असेल, तर दार बदलावंच लागेल. ट्रॅकची रेघ थोडी झिजली असेल तर तिच्यावर स्टीलची पातळ पट्टी बसवता येते.

मुलं विचारतील, भंगारात दिलं तर ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरतातच ना? प्रश्न बरोबर आहे. त्याला नव्या धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पण नवं दार बसवताना चौकटीभोवतीचं प्लास्टर फुटतं, काच जाते, आणि तिथून ओल यायची शक्यता वेगळीच.

नवी चाकं बसल्यावर काट्यावर दीड किलो आला. फक्त दार किंचित वर उचललं गेलं आणि कडी बसेना. कडी अडकते ती पट्टी दोन मिलिमीटर वर घ्यावी लागली. आईने दार उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग तांब्या घेऊन बाहेर गेली.