ऐकलं, पण श्रवण झालं का?



आजचं वाचन: दासबोध, दशक ४, समास १ – श्रवणभक्ती

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. मला वाटायचं, सगळ्यात सोपं म्हणून पहिलं. पाथर्डी फाट्यावर कंपनीची बस पकडायची, कानात इअरफोन, दीडपट स्पीडवर प्रवचन. अंबडला गेटवर उतरेपर्यंत एक समास खलास!

मागच्या आठवड्यात बसमध्येच बाबांचा फोन आला. प्रवचन थांबलं, पण माझं मन तिथेच. "हं... हो बाबा... बरं, काळजी घ्या." रात्री ताईने विचारलं, "जिना चढताना छातीत भरून येतं, हे बाबांनी तुला सांगितलं ना?" सांगितलं होतं. आणि मी ऐकत होतो ते प्रवचन कशावर, तर श्रवणभक्तीवर!

मग हा समास पुन्हा, सावकाश वाचला. काय काय ऐकावं याची समर्थांनी केवढी मोठी यादी दिली आहे! कर्म, उपासना, ज्ञान, वैराग्य, तीर्थांचे महिमे, कितीतरी विद्या. आणि एवढं सगळं ऐकून त्यातलं सार शोधून घ्यायचं, असार ओळखून सोडायचं, तेव्हा ती श्रवणभक्ती. म्हणजे नुसता आवाज कानात जाणं हे श्रवण नाहीच. निवड करायला मन जागेवर लागतं.

आमच्या शॉपमध्ये एक जुने ऑपरेटर आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. आठ-दहा सीएनसी एकदम चालू असतात, आम्हाला नुसती घरघर ऐकू येते. मामा चहा पिता पिता म्हणतात, "तीन नंबरचा इन्सर्ट गेला, बघ." जाऊन बघावं तर खरंच कड उडालेली. विचारलं तर म्हणतात, "कटिंगचा आवाज बदलला की." त्यांच्या कानात वेगळं काही नाही. जॉब रिजेक्ट होऊ नये याची काळजी मात्र सतत असते.

आपल्या नाशकातच, टाकळीला, नंदिनीच्या (म्हणजे आपल्या नासर्डीच्या!) संगमावर समर्थांनी बारा वर्षं तप केलं. एवढा अधिकार असून ते दासबोधाची सुरुवात स्वतःच्या सांगण्याने करत नाहीत. पहिल्याच ओवीत श्रोते प्रश्न विचारतात. दोनशे समासांचा ग्रंथ, आणि आधी बोलतो तो ऐकणारा. हे माझ्या इतक्या वेळा ऐकूनही लक्षात आलं नव्हतं.

त्या रात्रीच बाबांना परत फोन लावला. "काही नाही रे," म्हणाले. मी गप्प राहिलो. मग पावसाचं झालं, शेजारच्यांच्या लग्नाचं झालं, आणि बऱ्याच वेळाने छातीचं निघालं. पहाटेच सिन्नर गाठलं, ईसीजी झाला. गोळ्या सुरू आहेत.

मित्रांनो, आज एवढंच करून बघा: हा समास साध्या स्पीडवर, एकदाच. आणि घरचा फोन आला तर इअरफोन काढून, बाजूला जाऊन घ्या. समोरचा थांबला की लगेच "बरं, ठेवू?" म्हणू नका.

उद्याचं वाचन: समास २, कीर्तनभक्ती.