चावडी : दोन भाषांचा एक शब्द

‘चावडी’ हा शब्द मराठीइतकाच कानडीचाही आहे. पाटील-कुलकर्णी येथे बसून सारा वसूल करीत, तंटे ऐकत. जुनी वास्तू म्हणून तिचे कौतुक होते, पण तिच्या पायऱ्या सर्वांना मोकळ्या नव्हत्या. गाव राखणारा वेसकर खालूनच जोहार घाली. तेव्हा चावडीचा अभ्यास ओट्यावरून जितका, तितकाच अंगणातूनही व्हावयास हवा.

१९६१ च्या कायद्याने येथील ग्रामवतने संपली, पुढे कित्येक चावड्याही पडल्या. शब्द मात्र कायद्यात टिकला. कर्नाटकाच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यांत ‘चावडी’ची व्याख्याच आहे. महाराष्ट्रात तर, जेथे चावडी नाही तेथे जिल्हाधिकारी ठरवतील ती जागा चावडी मानतात!