दूधही हवं, घासही हवा

बाळाला सहावा महिना संपला, उष्टावण झालं, मामाने पहिला घास भरवला की घरात दोन सल्ले एकदमच सुरू होतात. एक म्हणतं, ‘आता दुधावर काय भागतंय? पोटभर खाऊ घाला.’ दुसरं म्हणतं, ‘जेवायला लागलंय ना, मग अंगावरचं तोडून टाका.’ या ओढाताणीत सापडलेल्या आई-बाबांशी मला आज मनापासून बोलायचं आहे.

एक गोष्ट आधी पक्की करू या. पहिल्या वर्षात वरचं अन्न दुधाची जागा घ्यायला येत नाही, दुधाला हातभार लावायला येतं. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला लागणारी निम्मी किंवा त्याहूनही जास्त ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते. मग वरचं हवं कशाला? मुख्यतः लोहासाठी. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणूनच सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, अगदी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातसुद्धा पाणी किंवा गुटी नाही, आणि त्यानंतर मात्र घासाला उशीर नको.

सुरुवात आपल्या खिमटाने करा. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायची आणि रवाळ दळून ठेवायची. त्यातलं दोन चमचे पीठ पाण्यात कालवून मऊ शिजवा, वर साजूक तूप घाला. दाटपणा कसा ओळखायचा? चमचा तिरका केला तरी खिमट त्यावरून पाण्यासारखं ओघळता कामा नये. वरणाचं पाणी, भाताची पातळ पेज पचायला हलकी म्हणून देतात. पण आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक वाटी मावते. ती पाण्यानेच भरली तर अन्नही जात नाही आणि दूधही. खीर दाट होऊन घशाखाली उतरत नसेल तर पाणी वाढवू नका, मोड आणलेल्या नाचणीचं पीठ वापरा. मोडांमुळे पिठूळपणा कमी होतो आणि खीर सत्त्व न गमावता सैल राहते.

पहिल्या दिवसांत दोन-तीन चमचे पुरेत. बाळ जिभेने घास बाहेर ढकलेल. ते नावडलं म्हणून नव्हे, गिळायचं तंत्र अजून जमत नाही म्हणून. तीच भाजी आठ-दहा वेळा पुढे आल्यावर मुलं ती खाऊ लागतात. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा अर्धी वाटी, नवव्यापासून तीन-चारदा आणि मधे एखादा खाऊ, एवढी मजल पुरे. हळूहळू कुस्करलेली पालेभाजी, डाळ, उकडलेलं अंडं, घरात चालत असेल तर मासे येऊ द्या. वरणभातावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. आशाताई देतात ते लोहाचं औषधही चुकवू नका. वर्षाच्या आत मीठ, साखर नको, मध तर मुळीच नको. गाईचं दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नका. आणि चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. चहा लोहाला आडवा येतो आणि बिस्किटाने भूक मरते.

आता दूध आणि घास यांचा मेळ. बाळ भुकेने कासावीस असताना चमचा पुढे केला तर ते रडतं, कारण त्याला ओळखीचं दूधच हवं असतं. म्हणून सुरुवातीला थोडं पाजून शांत करा, मग भरवा. नऊ महिन्यांनंतर क्रम उलटा करा: आधी जेवण, मग दूध. दहाव्या-अकराव्या महिन्यात काही बाळं रात्रभर अंगावर पितात आणि दिवसा तोंड फिरवतात. तिथे दूध तोडणं हा उपाय नाही. दिवसा प्रत्येक जेवणानंतर भरपूर पाजा, रात्रीचं पाजणं हळूहळू कमी करा. सकाळची भूक परत येईल.

काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते बाळाला ठरवू द्या. मान वळवली, ओठ मिटले की थांबा. नाक दाबून, मोबाइल दाखवून गेलेला घास पोटात जातो, पण जेवणाशी वैर शिकवून जातो.

नोकरीवर परतणाऱ्या आयांनो, कायद्याने मिळणारी 26 आठवड्यांची रजा नेमकी याच वळणावर संपते आणि शेतात किंवा घरकामाला जाणाऱ्या कितीतरी जणींना तीही मिळत नाही. निघण्यापूर्वी पाजा, आल्यावर पाजा, जमेल तेवढं दूध काढून ठेवा. ते फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. दिवसभराचं जेवण आजी-आजोबा, बाबा यांच्याकडे सोपवा. बाबांनो, पाजणं तुम्हाला शक्य नाही, पण दुपारची खिचडी शिजवून धीराने भरवणं तुमचंच काम आहे.

ताप-जुलाबात दूध वाढवा, घास बंद करू नका; बरं वाटल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त द्या. वजनाची रेघ तक्त्यावर दर महिन्याला पाहा. ती आडवी झाली किंवा उतरली तर शेजारणीला नव्हे, डॉक्टरांना विचारा. ती वर जात असेल तर कोणाचंही बाळ किती खातं याची चिंता सोडा आणि पहिल्या वाढदिवसाला दूध तोडायची घाई करू नका. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही, घरच्या ताटासोबत, ते बाळाच्या हक्काचं आहे.