व्रणरोपण आणि पेटंट : हरिद्रेच्या वादातून घ्यावयाचा बोध

मुखेड परिसरात विळ्याची वा खुरप्याची जखम घेऊन येणारा शेतकरी बहुधा व्रणावर हळद दाबूनच येतो. हे त्याला आम्ही शिकविलेले नसते. घरातील वडीलधाऱ्यांनी शिकविलेले असते. हाच उपयोग २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत नवा शोध ठरला. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या नावे हळदीच्या व्रणरोपक उपयोगाचे पेटंट दिले गेले.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. मूळचे गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील केवळ रूढ वापर हा पुरावा नव्हता. छापील आधार आवश्यक होता. म्हणून परिषदेने जुन्या ग्रंथांसह बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. कोट्यवधी घरांतील अनुभव पुरेसा ठरला नाही. लिखित ओळ ठरली.

मात्र या विजयाचा अर्थ मर्यादित आहे. सुश्रुतसंहितेत सीवनद्रव्यांमध्ये स्नायूचा निर्देश आहे आणि स्नायूतील प्रमुख प्रथिन कोलॅजन होय. तेवढ्यावरून आजच्या कोलॅजनच्या जाळ्या व प्रत्यारोपण-साहित्यावर आपला हक्क सांगता येणार नाही. ते प्रथिन शुद्ध करण्याची, टिकविण्याची नवी प्रक्रिया पेटंटयोग्य ठरू शकते. परंपरेत जे प्रत्यक्ष नोंदलेले आहे, तेवढ्याचेच रक्षण होते.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार पारंपरिक ज्ञान तसेच शस्त्रचिकित्सेची पद्धती पेटंटयोग्य नाही. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही कलम २५ खाली लेखी हरकत घेऊ शकतो. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रहही उभा राहिला आहे. तथापि तो मुख्यतः ग्रंथांवर आधारलेला आहे. आपल्या चिकित्सालयातील अनुभव त्यात आपोआप जात नाही.

यास्तव व्रणरुग्णाची नोंद करताना दिनांक, व्रणाचे स्वरूप, द्रव्य, मात्रा, कल्पना व परिणाम अवश्य लिहावेत आणि रूढ चिकित्सेचे अनुभव नियतकालिकांतून प्रसिद्ध करावेत. स्वतःचा खरोखर नवा कल्प असल्यास मात्र अर्ज आधी व प्रसिद्धी नंतर, हा क्रम पाळावा. अन्यथा आपलाच लेख आपल्या दाव्याआड येतो.