नेमणुकीपासून सहभागापर्यंत
कार्यालयातील सर्वसमावेशकता आणि समन्वय

शासकीय कार्यालय हे समाजाचे प्रतिबिंब असावे, ही अपेक्षा आता सर्वमान्य झाली आहे. त्यासाठी कायदे झाले, नियम झाले, बिंदुनामावल्या तयार झाल्या. तथापि, उमेदवाराच्या हाती नेमणुकीचा आदेश पडला म्हणजे कार्य संपले, असा समज अद्याप अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुतः तेथून खऱ्या कार्यास प्रारंभ होतो.

कोल्हापूरचा धडा

या बाबतीत आपल्या राज्याला मोठी परंपरा लाभली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात आदेश काढून रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हा आदेश सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यातील एका कलमाकडे फारसे लक्ष जात नाही. आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे तिमाही विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावे, असे त्यात फर्मावले होते. धोरणाबरोबरच त्याच्या पाठपुराव्याची व्यवस्थाही महाराजांनी केली होती.

तरीही नोकरी मिळाल्याने सर्व काही साधले नाही. संस्थानाच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले आणि तेथे स्वतः चहा घेऊन समाजापुढे उदाहरण घालून दिले. १९१९ मध्ये अधिकाऱ्यांनी अस्पृश्यांना समतेने वागवावे, ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, असे आदेशही निघाले. नेमणूक, वागणूक आणि देखरेख या तिन्ही गोष्टी एकत्र चालाव्या लागतात, हे या इतिहासातून दिसून येते.

तरतुदी अनेक, जबाबदारी विखुरलेली

आजच्या तरतुदी पुरेशा व्यापक आहेत. बिंदुनामावलीची तपासणी विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्ष करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता मिळाली असून, शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के आरक्षण, समान संधी धोरण आणि तक्रार निवारण अधिकारी यांची तरतूद आहे. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती आवश्यक आहे. याहून लहान कार्यालयांतील, म्हणजे अनेक ग्रामपंचायतींतील, तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. तृतीयपंथीयांविषयीच्या २०१९ च्या अधिनियमानेही प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावयास सांगितले आहे.

अडचण अशी की, या प्रत्येक विषयाची नस्ती वेगळी, टेबल वेगळे आणि वरिष्ठांकडे जाणारे विवरणपत्रही वेगळे. दलित समाजातील दिव्यांग स्त्री कर्मचाऱ्याने कोणाकडे जावे? तिची अडचण तीन शाखांत विभागली जाते आणि प्रत्येक शाखा उरलेल्या दोघींकडे बोट दाखवते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाचे वरचेवर जाणे होई. तेथे एका अंध लिपिकाची नेमणूक झाली होती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. आस्थापना शाखेने ती लेखा शाखेकडे पाठविली. लेखा शाखेने तरतूद नसल्याचा शेरा मारून परत केली. जवळजवळ वर्षभर ते गृहस्थ हजेरीपटावर सही झाल्यावर दिवसभर नुसते बसून राहत. विवरणपत्रात मात्र तो बिंदू भरलेला होता. अखेर एका अव्वल कारकून बाईंनी चौकशी केली, तेव्हा तशी प्रणाली विनामूल्य उपलब्ध असल्याचे कळले. आठवड्याभरात ते लिपिक पत्रव्यवहार सांभाळू लागले. पैसा किंवा कायदा यांचा अभाव नव्हता; अभाव होता तो विचारपूस करणाऱ्या एका माणसाचा.

काय करता येईल?

(१) कार्यालयप्रमुखाने या सर्व विषयांसाठी एक समन्वय अधिकारी लेखी आदेशाने नेमावा. तो आस्थापना आणि लेखा या दोन्ही शाखांना विचारणा करू शकेल, अशा दर्जाचा असावा.

(२) नव्या कर्मचाऱ्याची पहिल्या महिन्यातच भेट घेऊन त्याच्या गरजा त्यालाच विचाराव्यात. उतरता मार्ग, स्वच्छतागृह, बसण्याची जागा, कामाचे वाटप यांची नोंद एकाच वहीत ठेवावी आणि प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार व्यक्ती व मुदत लिहावी.

(३) दर तिमाहीस संबंधित अधिकारी व समित्यांच्या अध्यक्षांची एकत्र बैठक घ्यावी. २०१३ च्या अधिनियमाखालील तक्रारींचा तपशील गोपनीय असतो. म्हणून समिती स्थापन आहे काय आणि ९० दिवसांची चौकशीची मुदत पाळली जाते काय, एवढेच बैठकीत पाहावे.

(४) किती जागा भरल्या, याबरोबरच त्या कर्मचाऱ्यांकडे कोणते काम सोपविले आहे आणि प्रशिक्षणास कोणाला पाठविले, हेही तपासावे.

मुख्याध्यापकांना शाळेत आणि सरपंचांना ग्रामपंचायतीत हीच पद्धत लहान प्रमाणावर राबविता येईल. त्यासाठी नवे पद किंवा मोठा निधी लागत नाही. शाहू महाराजांनी खातेप्रमुखांकडून तिमाही हिशेब मागितला होता. तोच हिशेब आपण आपल्या कार्यालयाकडून मागितला, तर नोकरीवर रुजू झालेला प्रत्येक माणूस खऱ्या अर्थाने कामावर रुजू होईल.