मॉड्यूल कुठे तोडायचे?

शंका : काकांच्या भाजीपाल्याच्या अडत दुकानासाठी मी पायथनमध्ये हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहिला. सगळे एकाच फाइलमध्ये आहे आणि आता ती आवरत नाही. आवक, वजन, सौदा आणि पट्टी अशी चार मॉड्यूल करू का?
– बी.सी.ए.चा विद्यार्थी, सातारा

समाधान : नको. दुकानातले काम याच क्रमाने चालते, म्हणून हा मोह होतो. पण तोलाईचा दर वजन करताना लागतो आणि पट्टी छापतानाही लागतो. दर वाढला की दोन फाइली उघडाव्या लागतील आणि कधीतरी एक राहून जाईल. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या लेखात एकच प्रोग्राम दोन प्रकारे विभागून दाखवला होता : एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे आणि एकदा उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये झाकून. दुसरी विभागणी बदल पचवते.

जुलै २०१६ मध्ये काय झाले, ते काकांना विचारा. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असे राज्य सरकारने ठरवले. ज्या प्रोग्राममध्ये अडतीचे गणित चार ठिकाणी पसरले असेल, त्याची अशा वेळी काय दैना होईल बघा. म्हणून ‘कपात’ हे वेगळे मॉड्यूल करा. अडत, हमाली, तोलाई यांचे दर आणि त्या कोणाच्या नावे टाकायच्या, हे फक्त त्यालाच माहीत असावे. पट्टीच्या मॉड्यूलने मालाची रक्कम द्यायची, कपातीचे आकडे घ्यायचे आणि छापायचे. टक्का किती, हे त्याने विचारूही नये. पट्टीचा कागद कसा दिसावा, हा दुसरा बदलणारा निर्णय. त्याचे मॉड्यूल वेगळे. नोंदी साध्या फाइलमध्ये ठेवायच्या की डेटाबेसमध्ये, हा तिसरा. आवकेसाठी स्वतंत्र मॉड्यूल लागेलच असे नाही.

एक खबरदारी घ्या. फाइल इम्पोर्ट झाली की तिच्यातला कोड वरपासून खालपर्यंत एकदा चालतो. ‘कपात’च्या तळाशी चाचणीसाठी लिहिलेली पट्टी तशीच राहिली, तर दुकान उघडताच ती पडद्यावर येईल. ‘ही फाइल थेट चालवली आहे का?’ या अटीखालीच चाचणी ठेवा.

शंका : ‘रँडम’ मॉड्यूल इम्पोर्ट होते, पण त्यातले फंक्शन सापडत नाही. मैत्रिणीच्या संगणकावर तोच प्रोग्राम चालतो.
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

समाधान : तुमच्या फोल्डरमध्ये सरावाची ‘रँडम’ नावाची फाइल असणार. पायथन आधी चालू प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शोधतो, मग स्वतःच्या प्रमाण संग्रहात. त्यामुळे तुमचीच फाइल उचलली जाते. तिचे नाव बदला. ३.१३ पासून पायथन चुकीच्या संदेशातच ही शक्यता सुचवतो, तेव्हा लाल अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘कॅलेंडर’, ‘मॅथ’, ‘स्टॅटिस्टिक्स’ ही नावेही फाइलींना देऊ नका.