नऊ मिनिटांसाठी

आई आजारी पडून ठाण्याला भावाकडे होती, तेव्हाची गोष्ट. तारापूर एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की दर शनिवारी मी बोईसरहून गाडी काढायचो. चिल्हार फाट्याला हायवे लागला की काटा शंभरावर. ट्रक आडवा आला की करकचून ब्रेक, वाट मिळाली की पुन्हा पाय तळापर्यंत.

पेट्रोलचा खर्च डोळ्यांवर आला, तेव्हा इंजिनात बिघाड असेल म्हणून गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने प्लग, फिल्टर, टायरची हवा सगळं तपासलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, हायवेला कितीने चालवता?"

मग मोजायचं ठरवलं. एका शनिवारी नेहमीसारखी चालवली, जाऊन-येऊन १३ लिटर लागले. पुढच्या शनिवारी ८० च्या वर गेलो नाही, १० लिटर लागले.

८० वरून १०० वर गेलं की वेग सव्वापटच होतो, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यात ब्रेक मारला की पेट्रोल जाळून मिळवलेला वेग चाकापाशी नुसता उष्णता होऊन जातो. पाय तळापर्यंत दाबला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सुटतं, नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लिटरभर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दर शनिवारी जवळपास सात किलो मी उगाच हवेत सोडत होतो. रात्री वास आला की आम्ही बोईसरकर खिडक्या लावून कारखान्यांना बोल लावतो. हा धूर माझा होता.

आणि मिळवलं काय? ६० किलोमीटरला शंभरने ३६ मिनिटं, ऐंशीने ४५. ती नऊ मिनिटं घोडबंदरच्या रांगेत जायचीच.

रोज हायवेला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढचा ट्रक लांबून हेरा आणि पाय आधीच उचला. उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना पाय काढला की आजकालच्या इंजिनाचं पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये ते चालूच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. अगदी हळूही परवडत नाही. नवापूर नाक्यावरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी भरपूर पिते. मिनिटभराहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल. त्याच पंपावर, पहिल्या कटपर्यंत टाकी भरा आणि दोन शनिवार मोजून बघा.